बंब आला, पण किती मिनिटांनी?

उन्हाळा लागला की आपल्या परभणी जिल्ह्यात आगीच्या बातम्या सुरू होतात. कुठे कडब्याची गंज पेटते, कुठे आखाड्यावरचा गोठा जनावरांसकट जळतो, कुठे तारांची ठिणगी पडून उभा ऊस जातो, तर कुठे जिनिंगच्या आवारातला कापूस पेट घेतो. या बातम्यांचा शेवट बहुतेक वेळा सारखाच असतो. अग्निशमन दलाची गाडी आली, अथक प्रयत्नांनंतर आग आटोक्यात आली, लाखोंचे नुकसान झाले. गाडीला फोन कधी गेला, ती कधी निघाली आणि कधी पोचली, या तीन वेळा मात्र बातमीत नसतात.

दुसरी एक बातमी वर्षाआड कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येते. नगरपरिषदेच्या ताफ्यात नवी अग्निशमन गाडी दाखल. गाडीला हार, नारळ, पुढे उभे राहिलेले पदाधिकारी आणि खाली ओळ, की अमुक लाखांच्या शासकीय अनुदानातून ही गाडी मिळाली. या दोन बातम्या एकाच वर्तमानपत्रात, कधी कधी एकाच पानावर असतात. पण नव्या गाडीमुळे पुढच्या आगीत किती मिनिटे वाचली, हे त्या दोन्ही बातम्या जोडून कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचे आहे. अग्निशमनासाठी सरकार जे अनुदान देते त्याचा उपयोग होतो का, आणि होतो तर तो मोजायचा कसा?

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, अर्थशास्त्राचा जाणकार नाही. पण अनुदान हा शब्द शाळेत रोज कानावर पडतो, आणि त्याची एक सवय मला चांगली माहीत आहे. पैसे आले, वस्तू घेतली, पावती लावली, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले की अनुदान 'यशस्वी' होते. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९० हून अधिक लेकरे गेली. त्या प्रकरणावरून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले. तेव्हापासून शाळेच्या भिंतीवर तो लाल सिलिंडर टांगलेला असतो आणि 'अग्निशामक यंत्र आहे का' या रकान्यापुढे आम्ही 'होय' लिहितो. ते यंत्र चालवायला किती शिक्षकांना येते, असा रकाना मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. अग्निशमन दलाच्या अनुदानाचेही असेच आहे, फक्त सिलिंडरच्या जागी गाडी आली.

पैसा येतो कुठून

आधी हा पैसा कुठल्या वाटेने येतो ते पाहू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे आणि त्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. महाराष्ट्रात हे काम पूर्वीपासूनच महापालिका आणि नगरपरिषदांकडे आहे. औद्योगिक वसाहतींचे दल वेगळे. राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण ते मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि कायद्याची अंमलबजावणी पाहते. गाडी चालवणारा, पाइप धरणारा माणूस स्थानिक संस्थेच्या पगारावर असतो.

आपल्या जिल्ह्यात परभणीची महापालिका २०११ मध्ये झाली. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ इथे नगरपरिषदा आहेत आणि पालमला नगरपंचायत. या संस्थांचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. एवढ्यावर अग्निशमन गाडी घेणे त्यांच्या आवाक्यातले नाही. म्हणून राज्याचा नगरविकास विभाग आणि जिल्हा नियोजन समिती त्यांना केंद्राच्या इमारतीसाठी व वाहनासाठी पैसे देते. केंद्र सरकारनेही ४ जुलै २०२३ ला एक मोठी योजना सुरू केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले ५०० कोटी कायदा व व्यवस्थेत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून. महाराष्ट्रासारख्या राज्याने प्रकल्पाच्या खर्चातला २५ टक्के वाटा स्वतः उचलायचा.

हा पैसा अनाठायी आहे असे माझे म्हणणे नाही. देशाच्या गृह मंत्रालयाने करून घेतलेल्या एका पाहणीत, २०११-१२ च्या सुमारास, देशाला ८,५५९ अग्निशमन केंद्रे लागतात आणि आहेत फक्त २,९८७, असे दिसले होते. म्हणजे दर तीन केंद्रांपैकी दोन नव्हतीच. अशा परिस्थितीत अनुदान मिळाले नसते तर छोट्या नगरपरिषदांच्या दारात आज गाडीही नसती. हे श्रेय द्यायलाच हवे. पण जिथे तुटवडा इतका मोठा, तिथे आलेला प्रत्येक रुपया कुठे लागला हे पाहणे जास्तच गरजेचे होते. वित्त आयोगाचा काळ २०२१ ते २०२६. त्यातली सव्वादोन वर्षे गेल्यावर योजना सुरू झाली. तिची मुदत मार्च २०२६ पर्यंतच ठरली होती. शेवटच्या काही महिन्यांत पैसा खर्च करायची घाई होते आणि घाईत सगळ्यात सोपी खरेदी म्हणजे वाहन.

गाडीवर माणूस हवा

एका गाडीचा साधा हिशेब करून पाहा. चालक एक, पथकाचा प्रमुख एक आणि चार अग्निशामक असे सहा जण धरले, तर तीन पाळ्यांना अठरा माणसे लागतात. सुट्ट्या, आजारपण धरले तर वीसच्या वर. या माणसांना नुसते भरती करून चालत नाही. राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला माणूस हवा. कारण धुराने भरलेल्या खोलीत शिरणे, गॅसची टाकी पेटलेली असताना कुठल्या बाजूने जायचे, विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही, या गोष्टी अंदाजाने करायच्या नसतात.

आता केंद्राच्या योजनेतल्या बाबी पाहा. नवी केंद्रे, प्रशिक्षण संस्थांचे बळकटीकरण, आधुनिक साहित्य, राज्य मुख्यालय व शहरी केंद्रांची सुधारणा, ऑनलाइन यंत्रणा. सगळ्या आवश्यक आहेत, पण पगार ही बाब त्यात नाही. पगार नगरपरिषदेने द्यायचा. आणि स्थानिक संस्थेने पदे भरायची म्हटली की आस्थापना खर्चाची मर्यादा आडवी येते. महापालिकांना ही मर्यादा ३५ टक्के सांगितली जाते. जुनी देणी आणि थकलेली करवसुली यांमुळे मराठवाड्यातल्या संस्थांना ती पाळणे अवघड जाते. म्हणजे एका हाताने सरकार गाडी देते आणि दुसऱ्या हाताने माणूस घेऊ नका म्हणते. मग कंत्राटी चालक, सफाई किंवा पाणीपुरवठ्यातून उसना घेतलेला कामगार, एकाच माणसाच्या सलग दोन पाळ्या, असे मार्ग निघतात. त्या माणसांना मी दोष देणार नाही. कमी पगारात, विम्याची खात्री नसताना, धड बूट-हातमोजे नसताना ते आगीत जातात.

या बाजूने एक चांगली गोष्टही घडली. २०२३ मध्ये नगरपरिषद संचालनालयाने राज्य संवर्गातल्या १,७८२ जागांची जाहिरात काढली आणि त्यात ३७२ जागा अग्निशमन अधिकाऱ्यांच्या होत्या. लहान गावच्या दलाला शिकलेला अधिकारी मिळणे ही मोठी गोष्ट आहे. पण अधिकाऱ्याच्या हाताखाली पाळीला पुरेसे लोक नसतील तर तो कागदच सांभाळत बसेल.

गाडीच्या वयाचाही प्रश्न आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना. म्हणजे २००९-१० च्या आसपास अनुदानातून घेतलेली गाडी आता बाद होण्याच्या रांगेत उभी आहे. अशा वेळी नवी गाडी आली तर ताफा वाढला असे म्हणता येत नाही, एक गेली आणि एक आली. फोटोत मात्र फक्त आलेली दिसते. मानकांप्रमाणे शहरात साधारण ५० हजार लोकांमागे एक गाडी असावी. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती. म्हणजे तेव्हाच सहा गाड्या हव्या होत्या, आणि शहर तिथे थांबलेले नाही.

तिसरी अडचण पाण्याची. मोठ्या गाडीची टाकी समजा ४,५०० लिटरची आहे. एका पाइपने मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले तर ती दहा मिनिटांत रिकामी होते. दोन पाइप लावले तर पाच. कापसाच्या गाठीची आग बाहेरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, गाठी फोडून भिजवाव्या लागतात. तिथे दहा मिनिटांचे पाणी काहीच नाही. मग गाडी परत पाणी भरायला कुठे जाते? परभणीला येलदरीचे पाणी येते, तरी आपल्या नळाला ते रोज येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. जलकुंभाखाली गाडी भरायचा मोठा नळ आहे का, तो रात्री दोन वाजता उघडायला कोण असते, बाजाराच्या भागात तसा एखादा आहे का, या गोष्टींवर आग किती पसरणार हे ठरते. आणि असा नळ बसवायला गाडीच्या किमतीच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो. पण त्याचे उद्‌घाटन होत नाही.

गावाचे नाव यादीत नाही

इथपर्यंत शहराचे झाले. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला १८ लाख ३६ हजार होती आणि त्यातले दहापैकी सात जण खेड्यात राहतात. बारावी अनुसूची शहरांसाठी आहे. पंचायतींची अकरावी. तिच्यात २९ विषय आहेत, शेतीपासून ग्रंथालयापर्यंत. अग्निशमन त्यात नाही. म्हणजे कागदावर पाहिले तर गावातली आग विझवणे हे कुणाचेच ठरलेले काम नाही.

प्रत्यक्षात काय होते? जिंतूर तालुक्यात चारठाण्याकडे किंवा बोरीकडे गोठा पेटला की लोक जिंतूरच्या नगरपरिषदेला फोन करतात. जवळची गाडी दुसरीकडे गेली असेल तर सेलू किंवा परभणीला. माणुसकीने गाडी निघते. पण डिझेल कुणाचे, गावाने शुल्क भरायचे का, तेवढ्या वेळात शहरात आग लागली तर जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या त्याच्या समजुतीवर राहतात. परभणीपासून गंगाखेड किंवा जिंतूर सुमारे चाळीस किलोमीटर. आपल्या रस्त्यांवरून पाण्याने भरलेली जड गाडी तासाभराच्या आत पोचली तरी चालकाला शाबासकी द्यायला हवी. मानके सांगतात की शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत गाडी पोचावी. कडब्याची गंज वीस मिनिटेसुद्धा थांबत नाही.

मग गावकरी काय करतात? विहिरीवरची मोटार चालू करतात, ट्रॅक्टरचा टँकर आणतात, फवारणीचा पंप लावतात, जनावरांचे दावे कापतात. ज्याला आपण अग्निशमन दल म्हणतो ते खेड्यात शेजारीच असते. त्यानंतर तलाठी येतो, पंचनामा होतो आणि नियमात बसले तर मदत मिळते. आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ या काळातले दर असे आहेत: झोपडी जळाली तर ८,००० रुपये, दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५०० आणि बैल गेला तर ३२,०००. आजच्या बाजारात त्या पैशात बैलजोडी येते का, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आग लागल्यानंतरच्या मदतीचे दर गावासाठी ठरलेले आहेत. आग लागल्यावर तिथे कुणी पोचायचे हे ठरलेले नाही. अनुदानाच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करताना हा सगळ्यात मोठा खड्डा दिसतो, कारण अनुदान नगरपरिषदेच्या नावाने येते आणि आगी बहुतांश तिच्या हद्दीबाहेर लागतात.

निजामाच्या मुलखाचे तीन वाटे

हे असेच असते असे मानायचे कारण नाही. परभणी, बिदर आणि निजामाबाद हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. मग भाषावार वाटणी झाली. बिदर, गुलबर्गा आज ज्या कर्नाटकात आहेत तिथे १९६४ च्या कायद्याने राज्याचे एकच अग्निशमन दल आहे. निजामाबाद ज्या तेलंगणात आहे तिथेही अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे. अविभाजित आंध्रने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला होता. मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि इथे ही सेवा नगरपालिकांच्या ऐपतीवर राहिली. मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेला ही पद्धत चालून जाते. तिचे दल १८८७ पासून स्वतंत्र आहे आणि १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गमावूनही ते उभे राहिले. पण मुंबईची पद्धत सोनपेठला लावायची तर सोनपेठकडे मुंबईचा खजिना हवा.

राज्याचे एकच दल केले की सगळे सुटेल असेही नाही. राज्य दलातही जागा रिकाम्या असतात, गाड्या जुन्या असतात. पण एक फरक पडतो. राज्याच्या खात्याला तालुका दिसतो, नगरपरिषदेला फक्त तिची हद्द दिसते. राज्य दल लगेच होणार नसेल तर निदान जिल्हा हे एक क्षेत्र मानावे. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख असतातच. कुठल्या गावासाठी पहिली गाडी कुठून, दुसरी कुठून, खर्च कुठल्या निधीतून, हे एका कागदावर ठरवायला नवा कायदा लागत नाही.

आपल्या मोहल्ल्यात

या ब्लॉगच्या वाचकांपैकी बरेच जण मराठवाड्याच्या शहरांतल्या जुन्या वस्त्यांत राहतात, म्हणून तिकडची एक बाब. ३ एप्रिल २०२४, रमजानचा महिना. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे शिलाईच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातले ७ जण धुराने गुदमरून गेले. पुढच्या वर्षी, १८ मे २०२५ ला सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. त्यात मालकाचे कुटुंब होते आणि कामगारांचेही.

खाली दुकान किंवा कारखाना, वर घर, बाहेर पडायला एकच जिना. ही घडण आपल्याला परकी नाही. गादीचे दुकान, फर्निचर, भंगार, शिलाई, वेल्डिंग, गॅरेज हे आपल्या लोकांचे धंदे आहेत आणि कापूस, फोम, थिनर, कपडा हा त्यांचा माल आहे. यातला प्रत्येक माल पेटला की आधी धूर करतो, आणि झोपलेला माणूस ज्वाळेच्या आधी धुराने जातो. गुजरी बाजार, कच्छी बाजारात दुपारी रिक्षा अडते तिथे मोठी गाडी कशी शिरणार? अशा गल्ल्यांसाठी लहान गाडी, मोटारसायकलवरचा पाण्याच्या फवाऱ्याचा संच अशी साधने असतात. अनुदानातून मोठी गाडी घेतली आणि शहराच्या अर्ध्या वस्तीत ती शिरतच नसेल, तर ते अनुदान अर्ध्याच शहराला मिळाले.

पण इथे सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००८ पासून लागू आहे. इमारतीत अग्निसुरक्षेची व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो त्यांनी परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये प्रमाणपत्र द्यायचे असते. आपले शादीखाने, वसतिगृह असलेले मदरसे, शाळा, खाजगी दवाखाने यांनी हे करायला हवे. मशिदीच्या कमिटीने जुम्याच्या एका खुतब्यानंतर पाच मिनिटे या विषयाला दिली तरी पुष्कळ होईल. दुकानाच्या वर राहणाऱ्यांनी दुसरी वाट ठेवणे, रात्री बॅटरीची गाडी जिन्याखाली चार्जिंगला न लावणे, गच्चीचे दार कुलूपबंद न करणे, यासाठी कुठल्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

सरकारी इमारतींची गत मात्र आपल्याहून बरी आहे असे मानू नका. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला १० नवजात बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातले ११ रुग्ण गेले. दोन्ही जागा सरकारच्याच होत्या. भंडाऱ्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले, आणि दहा महिन्यांनी नगर घडले.

मोजायचे काय

मग अनुदान फळले की नाही हे कसे ओळखायचे? मला वाटते, पाच प्रश्न पुरेत. ते विचारायला नगरसेवक असायची गरज नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज कुणीही करू शकतो, आणि २००५ च्या त्या कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

पहिला प्रश्न वेळेचा. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक आगीच्या नोंदीत फोन आल्याची, गाडी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ काय? नवी गाडी येण्यापूर्वीची सरासरी किती आणि नंतरची किती? हा एक आकडा कमी झाला असेल तर अनुदान सार्थकी लागले, मग गाडी साधी असली तरी. कमी झाला नसेल तर गाडी कितीही भारी असली तरी काही उपयोग झाला नाही.

दुसरा माणसांचा. रात्रीच्या पाळीत प्रत्यक्ष किती जण असतात, त्यांतले प्रशिक्षित किती आणि कायम किती?

तिसरा, गाडी वर्षातले किती दिवस दुरुस्तीत उभी होती? देखभालीसाठी अर्थसंकल्पात किती ठेवले आणि किती खर्च झाले?

चौथा पाण्याचा. शहरात गाडी भरायच्या जागा किती, त्यातल्या चोवीस तास चालू किती?

पाचवा पैशाचा. २००६ च्या कायद्याखाली इमारतींकडून जे अग्निशमन शुल्क घेतले जाते ते किती जमा झाले आणि त्यातले अग्निशमनावर किती लागले? हा प्रश्न अनेकांना सुचत नाही. पण ज्या संस्थेला पगारासाठी पैसा नाही म्हणायचे असते, तिने आधी या खात्याचा हिशेब दाखवायला हवा.

आणि सरकारकडे मागणी एकच असावी. पुढचे अनुदान देताना उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर ही पाच उत्तरे जोडायची अट घाला. ज्या नगरपरिषदेचा पोचण्याचा वेळ कमी झाला तिला पहिल्या पाच वर्षांच्या पगाराचा वाटा द्या. जी नगरपरिषद हद्दीबाहेरच्या गावांना गाडी पाठवते तिला प्रत्येक फेरीचा खर्च जिल्ह्याच्या निधीतून परत द्या. मोठ्या गावांत, जिथे आठवडी बाजार भरतो आणि ट्रॅक्टर टँकर आधीच आहेत, तिथे पंप, पाइप आणि दहा तरुणांचे प्रशिक्षण एवढे दिले तरी वीस मिनिटांचे अंतर पाच मिनिटांवर येते. एका मोठ्या गाडीच्या पैशात अशी अनेक गावे सावरतील.

१४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सप्ताह असतो, गोदीतल्या त्या ६६ जवानांच्या आठवणीत. १४ एप्रिल ही आपल्याकडे बाबासाहेबांची जयंती, शाळेला सुट्टी, आणि पुढचे दिवस परीक्षेचे. त्यामुळे विद्यार्थ्यांपर्यंत हा सप्ताह फारसा पोचत नाही. शाळांनी तो जूनमध्ये पाळावा, जवळच्या केंद्रावर मुलांना न्यावे. मुले निरागसपणे विचारतील, "काका, फोन आल्यावर तुम्ही किती वेळात निघता?" त्या काकांना उत्तर देताना संकोच वाटू नये, एवढी माणसे आणि एवढे साहित्य त्यांच्याकडे असावे.

उर्दूत अनुदानाला इमदाद म्हणतात, म्हणजे मदत. आणि जनतेचा पैसा ज्याच्या हाती दिला त्याच्याकडे तो अमानत असतो. अमानतीचा हिशेब खर्च किती झाला एवढ्यावर पुरा होत नाही. ज्याच्यासाठी ती ठेवली होती त्याच्यापर्यंत ती पोचली का, हे सांगावे लागते. आगीच्या बाबतीत तो हिशेब मिनिटांत द्यायचा असतो. येत्या उन्हाळ्यात आगीची बातमी वाचाल तेव्हा गाडी किती वाजता पोचली हे शोधा. बातमीत नसेल तर नगरपरिषदेला विचारा.